आतून पाना धरणारा

चौथा घाव बसला तेव्हा थेमेलिना धक्क्याच्या पायऱ्या उतरत होती. पाचव्याला तिने हातातली टोपली टाकली. कांदे पायऱ्यांवरून गडगडत पाण्यात गेले. खाली उतारावर तिची बोट लाकडी घोड्यांवर चढवून ठेवलेली होती आणि बोटीच्या मागे पोथितोस पाय फाकून उभा होता, हातात दगड फोडायचा घण घेऊन. तो ओरडत नव्हता, शिव्या देत नव्हता. एकेक घाव नेमका त्याच जागी घालत होता, एखाद्याने घरच्या चुलीसाठी ओंडका फोडावा तसा.

कॉफीच्या दुकानासमोर आठ-दहा माणसं बसलेली होती. कोणी उठलं नाही.

बोटीची मागची सपाट भिंत, जिच्यावर इंजिन टांगतात, तिला इथली माणसं आरसा म्हणतात. तिच्या बोटीचा, ‘पेलाग्या’चा, आरसा मधोमध फुटला होता. फायबरचे पांढरे पापुद्रे उलटे होऊन लोंबत होते.

थेमेलिना जाळ्यांच्या ढिगाकडे धावली. मोठा मासा वर ओढायची आकडी तिथे टेकवलेली असे. ती उचलून थेमेलिना त्याच्या मागून गेली. हाक मारली नाही. पोथितोसने सहाव्या घावासाठी घण डोक्यावर नेला आणि तिने आकडी फिरवली. लोखंडी टोक त्याच्या उजव्या दंडात घुसलं. तिने ते आपल्याकडे ओढलं, जसं पाण्यातून ओढतात तसंच, कोपर अंगाला चिकटवून.

घण त्याच्या पाठीमागे पडला. तो गुडघ्यांवर आला.

“सोड,” दात आवळून तो म्हणाला.

“अजून किती घालणार होतास?”

“माझा भाऊ सुटेपर्यंत.”

तिने आकडीचा दांडा पिरगाळला. तेव्हा पहिल्यांदा तो ओरडला, आणि तेव्हाच दुकानासमोरची माणसं खुर्च्या मागे सारून धावत आली. वेल्डिंगचं काम करणाऱ्या निकितासने तिला कंबरेला धरून मागे खेचलं. बोटीच्या पांढऱ्या अंगावर रक्ताचे शिंतोडे उडाले होते. दुपारी उन्हात ते वाळून तपकिरी झाले, आणि तिने ते पुसले नाहीत.

*

भांडण मार्चमधलं होतं.

त्या सकाळी तिचा नवरा साकेलारिस ऑक्टोपस धरायला पाण्यात उतरला होता. नुसत्या दमावर, हातात काठी आणि आकडा घेऊन, जसा तो पंधराव्या वर्षापासून उतरत आला होता तसा. थेमेलिना वर बोटीत इंजिन बंद करून बसली होती. भूशिराच्या पलीकडून एक धप्प आवाज आला. दाराबाहेर पिठाचं पोतं टाकावं तसा. बोटीचा तळ तिच्या पायांना खालून लागला. समुद्रावर पांढरी चकती उठली, पसरली आणि मासे पोट वर करून तरंगायला लागले. मग साकेलारिस वर आला. त्याच्या कानांभोवतीचं पाणी गुलाबी होतं. तिने त्याला केसांना धरून बोटीत ओढलं. मान वर केली तेव्हा पोथितोसचा धाकटा भाऊ मिकेस याची निळी बोट भूशिराआड वळत होती.

सुरुंगाची कांडी टाकून मासे मारणं या बेटावर नवं नव्हतं. पोलिसांना कोणी सांगत नसे, एवढंच. थेमेलिनाने सांगितलं. बंदर पोलिसांच्या खोलीत, ओल्या कपड्यांनी उभं राहून तिने मिकेसचं नाव घेतलं. मिकेसने नाही म्हटलं नाही. चाळीस दिवसांत निकाल लागला आणि तो अडीच वर्षांसाठी मुख्य भूमीवरच्या तुरुंगात गेला.

साकेलारिसचे दोन्ही कान गेले. त्याबरोबर तोलही गेला. सपाट जमिनीवर तो बोटीत चालल्यासारखा चाले, आणि बोटीत त्याला उभंच राहता येत नसे.

पोथितोसने घण घातला त्या संध्याकाळी थेमेलिनाने त्याच्यावरही तक्रार केली. दंडातल्या जखमेबद्दल पोथितोसने तक्रार केली नाही. त्याची आई मात्र रोज चर्चला जाताना थेमेलिनाच्या दाराशी थांबे आणि उंबऱ्यावर थुंकून पुढे जाई.

*

लग्नाआधी थेमेलिना सात वर्षं शेजारच्या बेटावरच्या कारखान्यात फायबरच्या बोटी घडवायला होती. आरसा नवा बसवायला तिला कोणाची गरज नव्हती. तिने नाकातोंडावर फडकं बांधलं, बाह्या मनगटाशी चिकटपट्टीने बंद केल्या आणि ग्राइंडरने बाहेरचा पापुद्रा कडेपासून चार बोटं सोडून कापत नेला. फायबरची धूळ धुक्यासारखी उडत होती. साकेलारिस दोरीच्या गुंडाळीवर बसून बघत होता.

पापुद्रा सुटला. आत घणाने फुटलेलं प्लायवूड असेल, ढलप्या निघतील, असं तिला वाटलं होतं.

आत काळा चिखल होता.

तिने पटाशी टेकवली, ठोकलीही नाही, आणि ती मुठीपर्यंत आत गेली. लाकूड खरवसासारखं निघत होतं. ते दाबलं की काळं पाणी गळे आणि तळघराचा आंबूस वास येई. घण बसला होता तिथेच नव्हे, पार कोपऱ्यापर्यंत असंच. कुजणं कुठून सुरू झालं ते ती शोधत गेली. इंजिनाच्या बोल्टांच्या चार भोकांपाशी ते सर्वांत काळं होतं. भोकांना आतून पाणी अडवायला लुकण लावलेलं नव्हतं. नुसतं ड्रिल मारून बोल्ट कसले होते, आणि सहा वर्षं पाणी आत झिरपत राहिलं होतं.

ती भोकं साकेलारिसने पाडली होती.

तो उठून, एका हाताने बोटीला धरत आला. त्याने एका भोकात बोट घातलं आणि फिरवलं. बोट बाहेर काढून बघितलं.

“पहिल्याच उत्तरवाऱ्यात गेली असती,” तो म्हणाला. बहिऱ्या माणसाचा आवाज, स्वतःला ऐकू येत नसलेला. अख्ख्या धक्क्यावर जाईल एवढा मोठा. “इंजिन आरशासकट उपटून गेलं असतं. आपण दोघं त्याच्या मागे.”

थेमेलिनाने त्याच्या तोंडावर हात ठेवला. वळून दुकानाकडे बघितलं. टेबलं रिकामी होती.

कुजलेलं लाकूड तिने दोन पिंपांत भरलं आणि पिंपांवर ताडपत्री बांधली. जाळायचं तिच्या मनात होतं, पण ते पेट घेईना.

त्यानंतरच्या रविवारी साकेलारिस स्पंज कापायचा घडीचा सुरा खिशात घालून कॉफीच्या दुकानात गेला. तिला हे नंतर निकितासकडून कळलं. साकेलारिस दारातून आत आला, सुरा काढला आणि सरळ पोथितोसच्या टेबलाकडे निघाला. मधे चार पावलं होती. तिसऱ्या पावलाला जमीन त्याच्या पायाखालून कलली आणि तो तोंडावर आपटला. खुर्चीची कड लागून भुवई फुटली. कोणीतरी हसलं. पोथितोस उठला. त्याने साकेलारिसला डाव्या हाताने काखेत धरून खुर्चीवर बसवलं, स्वतःच्या रुमालाने त्याच्या डोळ्यावरचं रक्त पुसलं, खाली पडलेला सुरा उचलला आणि दुमडून परत त्याच्या खिशात घातला.

“तो हसला का?” थेमेलिनाने विचारलं.

“पोथितोस? नाही. जो हसला त्याच्या थोबाडीत मारली त्याने. दात पाडला.”

घरी साकेलारिसने त्या संध्याकाळी जेवणाचं ताट भिंतीवर मारलं, मग पाण्याचा जग, मग खुर्ची. थेमेलिना ओट्याला टेकून उभी राहिली. फोडायचं सगळं संपल्यावर तो जमिनीवर बसला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला,

“भोकं मी पाडली होती. लुकण लावायचा कंटाळा केला. जेवायला घरी यायचं होतं.”

*

जून लागला. ऊन तापायच्या आत, पहाटे उजाडल्यापासून दहापर्यंत ती काम करी. नंतर फायबर चिकटवायचं रेझिन भांड्यातच कढायला लागे. एकदा घाईत तिने हार्डनर जास्त ओतलं तर डब्यातून धूर निघाला आणि डबा तिच्या हातात वितळला. तळव्याची कातडी डब्याबरोबर गेली. दुसऱ्या दिवशी तिने पट्टी बांधून पुढचं काम केलं.

प्लायवूडचे दोन जाड तक्ते तिने एकमेकांना चिकटवले, कडा बोटीच्या अंगाप्रमाणे तासल्या, रेझिन पाजून पाजून त्यांची तहान भागवली आणि शिकंज्यांनी जागेवर आवळले. जुन्या आरशाला मधोमध खाच होती, इंजिन खाली बसावं म्हणून. त्या खाचेतून मागची लाट आत येई आणि जाळं ओढणाऱ्याच्या घोट्याला लागे. तिने खाच ठेवलीच नाही. आरसा सरळ काठापर्यंत उंच नेला. इंजिन आता थेट आरशावर नव्हे, बोटीमागे वेगळ्या ब्रॅकेटवर बसणार होतं. मग फायबरचं कापड, एक थर, दुसरा, सातवा. प्रत्येक थर रुळाने दाबून आतली हवा काढायची. राहिलेला बुडबुडा कापून पुन्हा भरायचा. ती त्या भिंतीवर असं काम करत होती की लांबून बघणाऱ्याला ती कोणाला तरी मारते आहे असं वाटे.

ब्रॅकेट निकितासने बनवलं. जाड अ‍ॅल्युमिनियमची पोकळ पेटी, दोन लहान मुलं बसतील एवढी. तीनचाकीतून आणून त्याने ती उतारावर ठेवली.

“बसवायला थांब की,” थेमेलिना म्हणाली. “आठ बोल्ट आहेत. मी बाहेरून घालते, तू आत शिरून नट धर.”

निकितासने टोपी काढून पुन्हा घातली.

“मला दोन्ही घरांचं काम करायचं असतं गं.”

“ब्रॅकेट केलंसच ना माझं.”

“ते माझ्या दुकानात केलं. इथे सगळ्यांसमोर तुझ्या बोटीत शिरणं वेगळं.”

आणखी दोघांना तिने विचारलं. एकाची कंबर धरली होती, दुसऱ्याला बायकोने धरून ठेवलं होतं. शेवटी साकेलारिस स्वतः आत शिरला. आरशाच्या आतल्या बाजूला जायचं म्हणजे फळीखालच्या अरुंद खणातून पोटावर सरकत, डोकं खाली करून. तो कंबरेपर्यंत गेला आणि ओकला. वळायला गेला तर डोकं बोटीच्या फासळीवर आदळलं. थेमेलिनाने त्याला पाय धरून बाहेर ओढलं. आकाशाकडे तोंड करून तो बराच वेळ पडून राहिला, दोन्ही हातांनी जमीन धरून.

*

पोथितोस आला तो दुपारी, जेवणं होऊन गाव झोपलेलं असताना. साकेलारिस शंभर पावलांवर, धक्क्याच्या टोकाला, पाठ करून गळांच्या दोऱ्या सोडवत बसला होता. बोटीजवळ थेमेलिना एकटी होती. आठ भोकं तिने आधी मोठी पाडून घट्ट रेझिनने भरून घेतली होती, आणि आता त्या भरलेल्या भागातून बारीक भोकं पाडत होती, म्हणजे पाणी लाकडाला कधी शिवणार नाही. ड्रिल थांबलं तेव्हा तिला पावलं ऐकू आली.

“तारीख पुढच्या मंगळवारी आहे,” तो म्हणाला. त्याचा उजवा हात अजून छातीशी दुमडलेला होता. “वकील म्हणतो, आठ महिने होतील.”

“होऊ देत.”

“आई एकटी पडेल. दोन्ही मुलं आत.”

“तिला सांग, माझ्या उंबऱ्यावर थुंकायला येत जा. तेवढाच वेळ जाईल.”

“थेमेलिना, तक्रार मागे घे.”

“तू घण मागे घे.”

तो जवळ पडलेल्या पिंपाला लाथ मारून वळला. रागाने मारलेली लाथ, तिच्यात दुसरं काही नव्हतं. पण पिंप आडवं झालं, ताडपत्री सुटली आणि काळा लगदा उतारावर घरंगळला. पोथितोस थांबला. वाकून त्याने एक तुकडा उचलला. चाळीस वर्षं बोटीवर काढलेल्या माणसाला काही सांगावं लागत नाही. त्याने मूठ आवळली. बोटांतून काळं पाणी गळलं.

तो हसायला लागला. पहिल्यांदा नाकातून, मग मोठ्याने.

“हा आरसा होता? बाई, हा तर भिजलेला पाव! आणि तू पोलिसांना काय लिहून दिलंस? धडधाकट बोट फोडली?” त्याने तुकडा शर्टात घातला. “मंगळवारी न्यायाधीशाच्या टेबलावर ठेवतो. बघू दे त्याला, मी काय फोडलं ते.”

ती त्याच्या अंगावर गेली. दोघं उतारावर पडले आणि शेवाळावरून घसरत खाली गेले. तिने त्याच्या शर्टात हात घातला, त्याने तिची वेणी मनगटाला गुंडाळून तिचं तोंड सिमेंटवर दाबलं. ओठ फुटला. तिने मान वळवली, समोर त्याचा दंड होता, आणि ती चावली, पट्टीसकट, जिथे आकडी गेली होती तिथेच. तोंडात खारट आलं. पोथितोसने तिला गुडघ्याने ढकललं. ती उठून बोटीकडे पळाली आणि तिच्या हाताला ग्राइंडर लागला. तिने बटण दाबलं.

तो समोर उभा होता, दंड धरून. शर्टाची बाही लाल होत चालली होती. ग्राइंडर दोघांच्या मधे ओरडत होता. धक्क्याच्या टोकाला साकेलारिस पाठ करून बसलेला, दोरी सोडवत.

“ये,” ती म्हणाली. “ये ना.”

तो आला नाही, मागेही सरला नाही. त्याचे डोळे चकतीवर नव्हते. तिच्या पाठीमागे बघत होते, नव्या आरशावर. जिथे पाच घाव पडले होते तिथे आता गुळगुळीत करडी भिंत होती.

थेमेलिनाने बटण सोडलं. चकती फिरत फिरत थांबली.

“घेऊन जा तो तुकडा,” ती म्हणाली. ओठ सुजून शब्द जड येत होते. “दुसरं पिंपही ने. भोकं साकेलारिसने पाडली होती. कुजलं ते त्यामुळे. तू फोडला नसतास तर पहिल्या वाऱ्याला आम्ही दोघं तळाला गेलो असतो. मंगळवारी मी स्वतः हे सांगेन.”

“तू सांगशील?”

“मी जे पाहते ते सांगते. मिकेसच्या वेळीही जे पाहिलं तेच सांगितलं. तेव्हा तुम्हाला झोंबलं, आता गोड लागेल.”

 पोथितोसने शर्टातून तो तुकडा काढला, हातात फिरवला, आणि काय करावं ते न सुचल्यासारखा पिंपात परत ठेवला.

“मी जातो,” तो म्हणाला.

“कुठे जातोस? फोडलास तू. आत शीर.”

“काय?”

“नट धरायला माणूस नाही. तुझ्या भीतीने कोणी येत नाही. डावा हात चालतो ना? शीर आत.”

*

तो आत गेला. खांदे अडकले तेव्हा श्वास सोडून पुढे सरकला. त्याचे बूट खणाच्या तोंडाशी बाहेर राहिले. थेमेलिनाने टॉर्च पेटवून त्याच्या अंगावरून आत सरकवला, पाना दिला, वॉशर आणि नट डब्यात घालून दिले. मग ती बोटीमागे आली. ब्रॅकेट दोरीने टांगून जागेवर आणलेलं होतं. भोकांतून टॉर्चचा पिवळा उजेड आठ ठिपक्यांनी बाहेर येत होता.

पहिल्या बोल्टला तिने लुकण माखलं आणि हातोडीने ठोकून आत घातला.

“धर.”

“धरला.”

ती पाना ओढी, आत तो विरुद्ध बाजूने जोर लावी. पन्नास मिलिमीटर लाकूड आणि फायबर दोघांच्या मधे होतं. लुकण सगळीकडून सारखं पिळून बाहेर आलं की ती थांबे. दुसरा. तिसरा. आतून त्याचा श्वास ऐकू येत होता, डब्यात बोलल्यासारखा घुमणारा. आत भट्टी असणार. चौथ्याला नट निसटून खाली पडला, आणि तो आपल्या आईच्या नावाने काहीतरी पुटपुटत चाचपडत राहिला. थेमेलिना थांबली. ओठातून आलेलं रक्त तिने खांद्याला पुसलं. एकदा तिच्या मनात आलं, की खणाचं झाकण लावून कडी घातली तर हा माणूस संध्याकाळपर्यंत टिकायचा नाही. मग पाचवा. सहावा.

सहावा कसून झाला तरी पाना नटावरून काढल्याचा आवाज आला नाही.

“काढ,” ती म्हणाली. “पुढचं खालचं भोक.”

“थेमेलिना.”

“काय झालं, गुदमरलास?”

“कांडी मी टाकली होती.”

तिने हातात सातवा बोल्ट घेतलेला होता.

“मिकेस त्या दिवशी घरी होता,” भिंतीतून आवाज येत राहिला, सपाट, मधे मधे श्वासासाठी थांबणारा. “तापाने पडलेला. बोट त्याची, अंगावर जाकीट त्याचं, आत होतो मी. पोलीस दारात आले तेव्हा तो माझ्याआधी बोलला. माझ्यावर आधीची एक शिक्षा होती, मला सहा वर्षं बसली असती. मी गप्प राहिलो. मला वाटलं, निदान तू तरी म्हणशील की हा नव्हता. तू म्हणालीस, चेहरा पाहिला.”

चेहरा तिने पाहिला नव्हता, पाहिली होती ती फक्त वळणारी निळी बोट.

“तुझी बोट मला दिसली होती,” तो म्हणाला. “वाटलं, गळ टाकून बसली आहेस. खाली कोणी असेल असं वाटलं नाही. मी नीट बघितलंही नाही.”

धक्क्याच्या टोकाला साकेलारिस उठला होता. खांबाला धरून तो इकडे वळला, डोळ्यांवर हात आडवा धरून बघत होता. बोटीच्या आत कोण आहे ते त्याला तिथून दिसत नव्हतं. दोन बूट दिसत असतील फक्त. त्याने हात वर करून बोटं फिरवली. कुठवर आलं?

थेमेलिनाने दोन बोटं दाखवली. दोन राहिले.

त्याने मान डोलवली आणि तो खांबाला टेकून उभा राहिला.

ती परत वळली तेव्हा सातव्या भोकातला उजेड गेलेला होता. टॉर्च विझला नव्हता, आठव्यातून उजेड येतच होता. तिने वाकून पाहिलं. भोकाच्या पलीकडे काहीतरी ओलं चमकत होतं. तो बाहेर बघत होता. ती का बोलत नाही ते बघत होता.

बोल्ट बारा सेंटीमीटरचा होता, टोकाला तासलेला. तिने तो भोकाच्या तोंडाशी आणला. तो भोकात नेमका बसेल असंच तिने ते पाडलं होतं. दुसऱ्या हातात हातोडी होती. उजेड तसाच अडलेला राहिला. पोथितोसने डोळा मिटला नाही, काढलाही नाही.

उतारावर पाणी येऊन दगडाला लागत होतं आणि परत जात होतं. साकेलारिसने एकदा खोकून घेतलं, मोठ्याने.

“तोंड बाजूला घे,” ती म्हणाली.

थोड्या वेळाने उजेड परत आला. तिने बोल्टला लुकण माखलं. ते बोटांनाही लागलं आणि मनगटालाही. वॉशर चढवला. टोक भोकात घातलं, हातोडीने तीन ठोके दिले.

“मंगळवारी काय सांगशील?” आतून त्याने विचारलं.

“पाना बसला का नटावर?”

 आत लोखंडाला लोखंड लागलं.

“बसला.”

थेमेलिनाने पाना दोन्ही हातांनी धरला, एक पाय बोटीच्या अंगाला टेकवला आणि सगळं वजन टाकून ओढला. पलीकडून तेवढ्याच जोराने कोणीतरी धरून राहिलं होतं.